व्यंगचित्राचा ठसा कुणाच्या हातात होता? दगड, लाकूड, जस्त आणि वऱ्हाड

डिसेंबर १८९७. काँग्रेसचं तेरावं अधिवेशन अमरावतीत भरलं होतं. अध्यक्ष होते सी. शंकरन नायर, तर स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. लोकमान्य टिळक मात्र तुरुंगात होते. 'केसरी'त छापलेल्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला चालला आणि सप्टेंबरमध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली होती.

त्या काळात काँग्रेसवर सातत्याने व्यंगचित्रं छापणारं पत्र म्हणजे मुंबईचं 'हिंदी पंच'. चित्राखालच्या ओळी गुजराती आणि इंग्रजीत असायच्या. संपादक बरजोरजी नवरोजी यांनी १८८६ ते १९०१ या वर्षांतली काँग्रेसवरची चित्रं १९०२ मध्ये एका पुस्तकात एकत्र केली. अमरावतीचं अधिवेशन याच वर्षांत मोडतं. म्हणजे अधिवेशन वऱ्हाडात भरलं, पण त्या राजकारणाकडे मिश्कीलपणे बघणारी रेघ उमटत होती सहाशेहून अधिक किलोमीटर दूर, मुंबईत.

वऱ्हाडात छापलेलं पत्रच नव्हतं, असं नाही. अकोल्याचं 'वऱ्हाड समाचार' १८६७ मध्ये सुरू झालं. मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली तेही हेच वर्ष. खिळे, शाई, कागद हे सगळं गाडीने येऊ शकत होतं. लिहिणारे होते आणि वाचणारेही होते. तरीही व्यंगचित्र मोठ्या शहराचं आणि टीकेचा मजकूर गावाचा, अशी विभागणी पुढची कित्येक वर्षं टिकली. याचं एक मोठं कारण कलेत नाही, छपाईच्या यंत्रात आहे.

भेंडीचा ठसा आणि लंडनचा 'पंच'

शाळेत चित्रकलेच्या तासाला भेंडी कापून, रंगात बुडवून कागदावर ठसे उमटवलेले बहुतेकांना आठवत असतील. जो भाग वर राहतो त्याला रंग लागतो, जो खाली जातो तो कोरा राहतो. लाकडी ठसा हेच करतो. छापखान्यातले शिशाचे खिळेही हेच करतात. म्हणून लाकडात कोरलेलं चित्र खिळ्यांच्या शेजारी, त्याच चौकटीत बसवता येतं आणि एकाच दाबात मजकूर व चित्र दोन्ही उमटतात.

१८४१ मध्ये सुरू झालेला लंडनचा 'पंच' या सोयीवर उभा राहिला. 'कार्टून' हा शब्द व्यंगचित्रासाठी रूढ झाला तोही याच पत्रामुळे, १८४३ मध्ये. चित्रकार बॉक्सवुडच्या कठीण लाकडावर रेखाटन करायचा आणि कोरणारा वेगळा कारागीर असायचा. त्याला रेघ कोरायची नसे, रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं असे. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर मधला एकेक इवलासा चौकोन टोकदार हत्याराने उकरायचा. त्या काळातल्या चित्रांत सावली म्हणजे शेजारी-शेजारी ओढलेल्या बारीक समांतर रेघा दिसतात, त्यामागे हे कष्ट आहेत. मोठं चित्र घाईत हवं असेल तर ठशाचे तुकडे करून अनेकांत वाटायचे आणि नंतर बोल्टने जोडायचे.

या पद्धतीचा परिणाम टीकेच्या सुरावरही झाला. आठवड्याचं एक मोठं चित्र, तेही अनेक हातांतून जाणारं, त्यामुळे ते विचारपूर्वक ठरवलेलं आणि थोडं सभ्य व्हायचं. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान अशी ठरीव चिन्हं त्यात असायची. १८५७ च्या ऑगस्टमध्ये जॉन टेनिएलने 'पंच'मध्ये काढलेलं चित्र याच साच्यातलं आहे. त्यात ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घेतो आणि वाघाखाली एक बाई व मूल पडलेलं दिसतं. इथल्या लोकांची बाजू त्यात नावालाही नाही. मुंबईत १८५४ मध्ये 'पारसी पंच' निघाला आणि पुढे त्याचाच 'हिंदी पंच' झाला. त्याने हा साचा उचलला, पण नजर उलटी केली. लंडनचा कुबडा पंच इथे 'पंचोबा' झाला आणि गोऱ्या साहेबालाही दोन शब्द सुनावू लागला.

चरबीवर चालणारा दगड

दुसरी पद्धत शिळाछापाची. घरात जुनी पोथी असेल तर ती बऱ्याचदा 'शिळाप्रेसवर छापलेली' निघते. जर्मनीत ॲलोइस सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती शोधली. तो नाटककार होता आणि त्याला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती.

यात काहीच कोरायचं नसतं. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, मग दगड पाण्याने ओला करायचा. पाणी चरबीला टाळतं. त्यानंतर तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला चिकटते. कागद ठेवून दाब दिला की काम झालं. चित्रकाराच्या हाताची रेघ, तिचा कंप, खडूची रवाळ सावली जशीच्या तशी उतरते आणि मधला कोरणारा कारागीर गळतो.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापलं. छापील मराठी पंचांगांत ते पहिलं मानतात. शाईतल्या चरबीमुळे सोवळी मंडळी छापील कागदाला शिवायला तयार नव्हती, म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरली अशी गोष्ट सांगतात. छपाईची शाई बाटवते की नाही हा प्रश्न त्या समाजात खराखुरा होता, एवढं त्यावरून कळतं.

शिळाछापाने व्यंगाला वेग दिला आणि धारही. फ्रान्सचा ओनोरे दोमिए हे त्याचं ठळक उदाहरण. १८३१ मध्ये त्याने राजा लुई-फिलिपला खादाड राक्षस दाखवलं. गरिबांचे पैसे शिडीवरून त्याच्या तोंडात चढताहेत, असं ते चित्र. शिक्षा दोमिएला झालीच, पण प्रकाशकाला आणि छापणाऱ्यालाही झाली. १८३४ मध्ये पॅरिसच्या एका घरात सैनिकांनी रहिवाशांना मारलं. त्यावरचं दोमिएचं चित्र इतकं झोंबलं की पोलिसांनी सापडतील त्या प्रती आणि मूळ दगडही ताब्यात घेतला. पुढच्याच वर्षी कायदा आला. लेखाला पूर्वपरवानगी लागणार नव्हती, व्यंगचित्राला मात्र लागणार होती. सरकारचा हिशोब सरळ होता: लेख वाचायला अक्षरओळख हवी, चित्राला ती लागत नाही.

भारतात शिळाछापावरचं सर्वांत बोचरं व्यंग बहुधा कलकत्त्यातलं. गगनेंद्रनाथ ठाकूर यांनी १९१७ च्या सुमारास जोडासाँकोच्या आपल्या वाड्यात शिळाप्रेस आणून बाबू लोकांची नक्कल, ब्राह्मणांचा दंभ आणि इंग्रजी शिक्षणाचा घाणा यांवर चित्रमालिका छापल्या. महाराष्ट्रात मात्र शिळाछाप वेगळ्या वाटेने गेला. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी पुण्यात काढलेली चित्रशाळा असो की १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन नंतर मळवलीला गेलेला रविवर्मा प्रेस, इथल्या दगडांवर उमटले देव, पुराणातले प्रसंग आणि इतिहासातले वीर. ही चित्रं घराघरांत भिंतीवर लागली. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा, खर्च मोठा असायचा आणि तो भरून काढायला हजारो गिऱ्हाईकं हवीत. लक्ष्मी, सरस्वती खपतात. सावकाराची टर उडवणारं चित्र देव्हाऱ्याशेजारी कोण लावणार?

आणखी एक अडचण होती. दगड सपाट असतो आणि खिळे उंच, त्यामुळे दोन्ही एका यंत्रात एकत्र छापता येत नाहीत. खिळ्यांवर निघणाऱ्या साप्ताहिकाला शिळाछापाचं चित्र हवं असेल तर ते वेगळं छापून जोडावं लागे. जिल्ह्याच्या गावातल्या पत्राला हे परवडणारं नव्हतं.

जस्ताचा ब्लॉक: दर चौरस इंचाला

ही कोंडी फोडली जस्ताच्या ब्लॉकने. काळ्या शाईच्या रेखाटनाचा कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा, तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. रेघा सुरक्षित राहतात आणि बाकीचं जस्त झिजून खाली जातं. मग तो पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणायचा. झाला ठसा तयार, तोही न कोरता. मेक्सिकोत होसे ग्वादालुपे पोसादाने जस्तावरच असे ठसे तयार करून रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या स्वस्त पत्रकांवर सांगाडे नाचवले. त्याची 'कात्रिना', म्हणजे भल्यामोठ्या हॅटमधली कवटी, आज जगभर टी-शर्टवर दिसते.

ब्लॉकला करडा रंग कळत नाही, एकतर काळं नाहीतर पांढरं. मराठी व्यंगचित्रांची जाड, ठाम रेघ, काळेभोर कोट आणि मागची कोरी जागा ही नुसती शैली नव्हती, ती ब्लॉकची अटही होती. शिवाय ब्लॉकचे पैसे चौरस इंचावर मोजले जात. चित्र जेवढं मोठं तेवढं बिल मोठं. एका कॉलमात मावणारं छोटं चित्र संपादकांना का आवडत असे, हे त्यावरून कळावं.

ज्याच्याकडे स्वतःचा छापखाना होता त्याला हा हिशोब सोपा होता. शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं ते नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र म्हणून. ते स्वतः चित्रकार होते. हातात कुंचला, दाराशी छापखाना आणि डोक्यात सुधारणेचा ध्यास, असा योग जुळून आला. रूढी, बुवाबाजी, बायकांवरची बंधनं यांवर त्यांनी वर्षानुवर्षं चित्रं काढली. 'टाकांच्या फेकी' हा त्यांचा संग्रह मराठी सामाजिक व्यंगचित्राच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. किर्लोस्करवाडी हे काही महानगर नव्हतं. त्यामुळे शहर की गाव हा प्रश्न शेवटी यंत्र कुणाच्या मालकीचं यावर येऊन ठेपतो.

अकोला-अमरावतीच्या साप्ताहिकांचं तसं नव्हतं. ब्लॉक करून आणायचा तर बहुधा मोठ्या शहरात चित्र पाठवायचं आणि वाट बघायची. ब्लॉक येईपर्यंत विषय शिळा व्हायचा. म्हणून पुढाऱ्याच्या फोटोचा एकच ब्लॉक जपून ठेवायचे आणि निवडणूक असो, सत्कार असो की निधन, तोच छापायचे. व्यंगचित्राला असं दुसऱ्यांदा वापरता येत नाही.

ज्यांची चित्रं इतरांनी काढली

नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची तयारी झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली शहरात परिषद भरली. महाडच्या चवदार तळ्यानंतर काही महिन्यांतलीच ही घटना. वऱ्हाडातला हा संघर्ष लोकांपर्यंत गेला तो भाषणांतून, पत्रकांतून आणि लेखांतून.

आंबेडकरांची स्वतःची पत्रं पैशांच्या ओढाताणीत चालत होती. १९२० च्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. १९२७ मध्ये निघालेल्या 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने ते एकटे लिहीत आणि १९२९ मध्ये ते पत्र बंद पडलं. उलट ब्लॉक, चित्रकार आणि मोठा खप असलेल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी आंबेडकरांवर भरपूर चित्रं काढली. उन्नमती श्याम सुंदर यांनी २०१९ मध्ये 'नो लाफिंग मॅटर' या पुस्तकात अशी शंभरहून अधिक व्यंगचित्रं गोळा केली. कुठे ते बुटके आहेत, कुठे हट्टी मूल, तर कुठे साडीतली बाई. १९४९ मध्ये शंकर यांनी काढलेलं चित्र सर्वाधिक गाजलं. संविधानाच्या गोगलगायीवर आंबेडकर बसलेत आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. २०१२ मध्ये ते शालेय पाठ्यपुस्तकातून काढावं म्हणून वाद पेटला.

त्या वादात बहुतेक चर्चा विनोदबुद्धीवर झाली. ठसा त्या काळी कुणाकडे होता, यावर फारशी झाली नाही. दलितांनी काढलेली आणि तेवढ्याच खपात छापलेली उलट बाजूची शंभर चित्रं असती, तर त्या एका चित्राकडे लोकांनी कदाचित वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

याच काळात वऱ्हाडातली सर्वांत तिखट समाजटीका मात्र कुठल्याच यंत्रावर अवलंबून नव्हती. गाडगेबाबांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, बालपण गेलं मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आजोळी. कर्ज काढून केलेली लग्नं, नवसाचं बोकड, दारू, शिवाशिव या सगळ्यांवर ते कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेत. लोक हसत आणि मग गप्प होत. व्यंगचित्र जे करतं तेच हे होतं, फक्त कागदाशिवाय.

छापखान्याविना छपाई

कापसाच्या मोसमात वऱ्हाडातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठींवर नंबर टाकायला पत्र्याचा स्टेन्सिल वापरतात. अक्षरं कापलेला पत्रा गाठीवर ठेवायचा, वरून रंग मारायचा. ही तिसरी पद्धत: जिथे भोक, तिथे शाई. सायक्लोस्टाइल यावरच चालतं. मेणकागदावर टोकदार लेखणीने लिहायचं, मेण निघतं आणि तिथून शाई झिरपते. स्क्रीन प्रिंटिंगचं तत्त्वही हेच, पत्र्याऐवजी ताणलेलं कापड एवढाच फरक.

सायक्लोस्टाइलवर चित्र फार बरं येत नाही. मेणकागद फाटतो, गोल रेघ तुटते. पण यंत्र एका खोलीत मावतं आणि पोलीस आले तर हलवताही येतं. १९४२ च्या भूमिगत चळवळीतली पत्रकं, १९५४ पासूनचं 'शब्द' हे मराठी अनियतकालिक, आणीबाणीतली गुप्त वार्तापत्रं अशी बरीच बंडखोर छपाई या यंत्रावर झाली. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतल्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. हाताने फिरवायच्या यंत्राला विजेची गरजच नव्हती.

चित्रासाठी अशीच सोय लिनोलियमने केली. मुळात हे जमिनीवर अंथरायचं आवरण. लाकडापेक्षा मऊ, त्याला रेषा-तंतू नसतात आणि साध्या चाकूने कापता येतं. कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला तरी चित्र उमटतं. चित्तप्रसाद यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर केलेल्या 'हंग्री बंगाल' या पुस्तिकेच्या जवळजवळ सगळ्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. १९४६ पासून ते मुंबईत राहिले आणि अंधेरीच्या छोट्या घरात लिनोवर कामगार, शेतकरी आणि राबणारी मुलं कोरत राहिले. काळ्या पार्श्वभूमीतून पांढरी रेघ बाहेर येते. उपहासापेक्षा त्यात आरोप अधिक आहे.

झाडू आणि मडकं

आता विदर्भातल्याच एका चित्रकाराकडे. सवी सावरकर यांचा जन्म १९६१ चा, नागपूरचा. नागपुरातून ते बडोद्याला मुद्राचित्रण शिकायला गेले. त्यांचं एक मुख्य माध्यम आहे एचिंग.

एचिंग म्हणजे वर्तमानपत्राच्या ब्लॉकचा उलटा प्रकार. धातूचा पत्रा तोच, ॲसिडही तेच. पण इथे पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघ ओढतात आणि ॲसिड ती रेघच खाऊन खोल करतं. मग शाई त्या खाचेत भरायची, वरचा भाग पुसून काढायचा आणि ओला कागद जड रुळाखालून दाबायचा. कागद खाचेत शिरून शाई उचलतो. ॲसिडमध्ये पत्रा जास्त वेळ राहिला तर रेघ जाड, खरबरीत, जखमेसारखी होते. विल्यम होगार्थने अठराव्या शतकात लंडनची दारूबाजी आणि फ्रान्सिस्को गोयाने स्पेनमधली युद्धाची क्रूरता अशाच धातूच्या पत्र्यांवरून छापली.

सावरकरांच्या चित्रांत मनू आहे, देवदासी आहे आणि पुन्हा पुन्हा येणारा एक माणूस आहे. त्याच्या गळ्यात मडकं, कमरेला झाडू. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडकं आणि पावलांच्या खुणा पुसल्या जाव्यात म्हणून झाडू. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांवर लादलेल्या या सक्तीबद्दल आंबेडकरांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहिलं आहे. सावरकरांचा माणूस हसवत नाही. पण सोवळं नेसलेल्या, जाडजूड पुरोहितांचे जे चेहरे ते काढतात, त्यांत व्यंगचित्राची सगळी हत्यारं आहेत: फुगवलेलं पोट, बारीक डोळे, आकाराबाहेर गेलेलं नाक.

अमरावतीत, अकोल्यात घरोघरी आणि दुकानांत झाडू आणि मडक्याचं आणखी एक छापील चित्र दिसतं. ऑफसेटवर छापलेल्या रंगीत कॅलेंडरवर चिंध्यांच्या गोधडीतले गाडगेबाबा असतात, एका हातात खराटा आणि सोबत मातीचं गाडगं. त्यांनी या वस्तू स्वतः उचलल्या होत्या, सावरकरांच्या माणसाच्या अंगावर त्या बांधल्या आहेत. एक चित्र हजारोंनी छापलं जातं आणि फुकट वाटलं जातं. दुसऱ्याच्या मोजक्या प्रती निघतात. कलेच्या बाजाराच्या रिवाजाप्रमाणे अशा एचिंगखाली पेन्सिलने प्रतीचा क्रमांक आणि सही असते आणि प्रती ठरल्या तेवढ्या निघाल्या की पत्रा बाद करतात.